डॉक्टरीणबाईंच्या मोटारीतला जादा पाटा

साल १९५७. मी चौतीस वर्षांचा, ब्रह्मपुरीच्या बाजूच्या एका ठाण्यात जमादार. शिक्षण चौथी. पुढे फौजदार होऊन निवृत्त झालो, मोठमोठे गुन्हे पाहिले, पण धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, नाक खुपसून उभी असलेली ती छोटी मोटार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नावं कोणाची लिहीत नाही. माणसं चांगली होती.

मोटार दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंची. जुनी, लहान, पेट्रोल कमी पिणारी. बाई महिनाभरापूर्वीच चालवायला शिकल्या होत्या. त्याआधी तीन वर्षं त्या एका म्हाताऱ्या गाडीवानाच्या बैलगाडीतून गावोगाव बाळंतपणं करत फिरल्या. मोटार आली आणि म्हाताऱ्याचं काम गेलं.

त्या दिवशी एका अडलेल्या बाळंतिणीला ब्रह्मपुरीला पोचवून बाई एकट्याच परतत होत्या. तलावाच्या वळणावर मुरमावरून गाडीचं मागचं अंग घसरलं, गाडी गरकन फिरली आणि बांधीत उतरली. कपाळाला खोक पडली, बाकी वाचल्या. गाडी ओढून काढायला बैल लागले. बैल घेऊन सर्वांत आधी कोण आलं? तोच गाडीवान. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

पंचनामा केला. ब्रेक ठीक, स्टेअरिंग जरा ढिलं पण शाबूत. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत मात्र दोन्हीकडे एकेक लोखंडी पाटा जादा, नवाकोरा, घणाचे ताजे घाव असलेला.

संध्याकाळी दवाखान्याचा कंपाउंडर ठाण्यात आला. आवाज दबका.

"जमादारसाहेब, बाजाराच्या दिवशी बुढा बाईच्या गाडीखाली झोपून होता. हातोडा होता हातात. लोहार बी संग होता."

"बाईले सांगतलं काऊन नाई?"

"मले वाटलं बाईनंच सांगतलं असन."

रोजी बुडालेला माणूस, हातात हातोडा, गाडी बांधीत. आणखी काय पाहिजे? दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हाताऱ्याला आणून समोर बसवला.

"गाडीखाली कोण गेलं होतं?"

"मीच गेलतो. पाटा टाकला. लोहाराकडून बनवून घेतला."

"काहाले?"

"मजबुतीले."

मी हसलो. "तुयी रोजी खाल्ली त्या मोटारीनं, अन् तू तिले मजबूत करून राह्यला?"

म्हातारा जराही दबला नाही. "मांगं बाळंतीण बसली का मोटार दबते, साहेब. बूड दगडाले लागते. ते बिचारी कळवळते. माह्या गाडीत असं कदी झालं नाई. आता गाडी बाईची असो का माही, मांगं बसणारी तं आपल्याच गावची ना?"

मला पटलं नाही. गुन्हा करणारा आधी आपलं चांगुलपण सांगतो, हे मी पाहिलेलं होतं. स्टेशन डायरीत लिहिलं, 'रोजगार गेल्याच्या रागातून जिवावर उठला.' उद्याच्या सर्व्हिस मोटारीने कोर्टात पाठवायचा. सत्तरीचा देह. तुरुंगात गेला तर परत येणार नाही, हे मला कळत होतं.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. कपाळाला पट्टी.

"जमादार, माझी फिर्यादच नाही. त्यांना सोडा."

"फिर्याद सरकारची असते, बाई."

"तीन वर्षं त्यांनी मला पूर आलेल्या नाल्यांतून नेलं. मारायचंच असतं तर तेव्हा मारलं नसतं?"

मी तरीही सोडलं नाही. हट्टी माणूस मी. आजही आहे.

त्या वेळी जंगल डेपोच्या लॉरीचा ड्रायव्हर परवाना दाखवायला आला होता. सिरोंच्याकडचा तेलुगू माणूस. त्याने पंचनामा ऐकला आणि कपाळावर हात मारला.

"एवढ्याश्या गाडीला जास्ती पाटा? बाई, सागवान भरणार का तुम्ही? मागं वजन असलं तर बरोबर. रिकामी असली तर मागून उडणार."

इथे माझं डोकं ठिकाणावर आलं. शेतकऱ्याच्या पोटचा मी. भरलेली बैलगाडी दगडावरून दबत जाते आणि रिकामी थडाथड उडते, हे मला चौथीच्या आधीपासून ठाऊक होतं.

आम्ही वळणावर गेलो. बाईंची गाडी ड्रायव्हरनेच चालवली. मागे तीन शिपाई कोंबले, त्यातला एक अंगाने चांगलाच भरलेला. गाडी वळणावरून गुमान गेली. मग शिपाई उतरवले आणि तेवढ्याच वेगाने मी त्याच्या शेजारी बसून निघालो. वळणावर मागचं अंग सर्रकन बाहेर गेलं. मी त्याचा दंड धरला.

"साहेब, हात सोडा, नाहीतर आपण दोघं पण बांधीत!"

म्हाताऱ्याने पहिल्या शब्दापासून खरं सांगितलं होतं. जीव बाळंतिणीचा पाहिला, रिकाम्या परतीचा विचार केला नाही. जन्मभर भाड्याची गाडी हाकणारा माणूस रिकामी गाडी मोजतच नाही.

ठाण्यावर परतून म्हाताऱ्याला मोकळा केला. अंगणात मग सगळ्यांची अक्कल सुरू झाली. कंपाउंडर म्हणाला, गाडीत रेतीचं पोतं ठेवा. म्हातारा म्हणाला, पाटा राहू द्या, चाकांतली हवा कमी करा. बाईंनी ड्रायव्हरला विचारलं, "सगळं एकदम जमणार नाही. आधी काय करू?"

"आधी पाटे काढा. मग मागचे दोन टायर नवे, हे तर टकले झाले. स्टेअरिंगचा ढिलेपणा काढा. मग शॉकअप. त्यानं बूड पण कमी आपटेल. नवीन हाताला गाडी कशी पाहिजे? घसरून सुटायच्या आधी हाताला सांगणारी."

म्हातारा पुटपुटला, "मी टाकला, मीच काढीन. दुसऱ्यानं हात लावाचा नाई."

मी आत जाऊन डायरी उघडली. सकाळच्या ओळीखाली स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, 'संशय चुकीचा. कसूर तपासणाऱ्याची.' एवढं लिहायला मला अर्धा तास लागला. या प्रकरणाने मला शिकवलं ते हेच: माणसाचं नुकसान झालं म्हणजे तो वाईट झाला, असं धरून चालू नये. पण हे तोंडाने त्या म्हाताऱ्याला सांगायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो. म्हातारा मोटारीखाली एकटाच खुडबुडत होता. टोपी काढून कंपाउंडरच्या हातात दिली, वर्दीसकट मातीत पाठ टेकली आणि सरकत त्याच्या शेजारी गेलो.

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मी म्हटलं, "पाना कोणता देऊ, भाऊ?"