हळद, चुना आणि अत्याचं ओवाळणं

समस्त सज्जनांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, तंजावरातल्या एका मराठी घरातला हळदीचा डबा एका उन्हाळ्यात कलेच्या कामी आला, म्हणजे रिकामा झाला, आणि त्याबद्दल आजवर कोणीही दुखवट्याचा ठराव मांडलेला नाही. तो मीच मांडते आहे. डबाही मीच रिकामा केला होता, त्यामुळे माझा अधिकार मोठा.

आमचं घराणं थोर. मूळ पुरुष राजांच्या पदरी होता, असं घरात सगळे सांगतात. पदरी राहून तो करत काय होता, हे विचारायचं नसतं. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मते सल्लागार होता. अत्याच्या मते त्याहून वरचा कोणीतरी. मला वाटतं, पिकदाणी धरत असावा. पण धरत असेल तर ऐटीत. राजे गेले, पिकदाणी गेली, ऐट तेवढी आमच्याकडे राहिली.

मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन घरी बसले होते. गावात कोपऱ्याकोपऱ्यावर कम्प्यूटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि सरकारी कचेरीत टाइपरायटर बडवण्यात जन्म घालवलेल्या अप्पांची खात्री पटली होती की पुढचं सगळं जग त्या पेटीतून बाहेर येणार. पेटी त्यांनी अजून पाहिली नव्हती. पण देव तरी कुठे पाहिला होता?

मला पेटी नको होती. मला गल्लीतल्या पोरांना चित्रं काढायला शिकवायचं होतं, आमच्याच ओट्यावर.

"चित्रं?" अप्पा म्हणाले. "सोन्याचा वर्ख कोण देणार तुला? तुझा आजा?"

तंजावरात चित्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते: सोन्याचा वर्ख, काचेचे खडे आणि मधोमध लोणी खाणारा बाळकृष्ण, इतका गुटगुटीत की त्याला पाहून कुठल्याही डॉक्टरने लोणी बंद करावं. मी म्हटलं, मला वर्ख नको, खडे नकोत, दुकानातले रंगसुद्धा नकोत. स्वयंपाकघर पुरे.

शेवटी तह झाला. सुट्टी संपायच्या आधीच्या रविवारी आईबापांना बोलवायचं, पोरांनी त्यांच्यासमोर चित्रं काढून दाखवायची. आमच्या रांगेतल्या हेडक्लार्क बाईंच्या दोन नाती माझ्याकडे येत. त्या बाई आमच्यातल्याच, मराठी बोलणाऱ्या, आणि गल्लीत त्यांचा शब्द म्हणजे शिक्कामोर्तब. त्या 'बरं आहे' म्हणाल्या तर वर्ग चालू, नाहीतर सोमवारी मी कम्प्यूटरपुढे.

आता माझी विद्या सांगते. तुमच्या घरी पोरं असतील तर करून बघा, आणि हळदीचा डबा मोजून ठेवा. जाड चार्ट पेपर घ्यायचा. कोमट पाण्यात हळद कालवायची, जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, तुकड्यातून गाळायची. नारळाच्या केरसुणीची काडी घेऊन तिच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, झाला कुंचला. त्याने सगळा कागद पिवळा करायचा आणि उन्हात वाळवायचा. मग पानाला लावायचा चुना पाण्यात पातळ करून त्याने पिवळ्यावर रेघ ओढायची. चुना पांढरा, कागद पिवळा, आणि रेघ उमटते लालभडक. पहिल्यांदा पाहिलं की पोरं किंचाळतात. मग लिंबाच्या रसात बोट बुडवून त्या लालवर फिरवायचं, की लाल पुसून पिवळं परत येतं. रसायनशास्त्रात मी तीन वर्षं जे शिकले त्यातलं एवढंच आयुष्यात उपयोगी पडलं.

चुना अत्याच्या पानाच्या डब्यातून येई. अत्या, अप्पांची थोरली बहीण, जेवणानंतर डबा उघडून रोज विचारी, "माझा चुना कोठे जातो गं? भिंती रंगवतेस काय?"

"उंदीर खात असतील, अत्या."

"चुना खाणारे उंदीर? मग पानही न्यायला सांग त्यांना, तोंड भाजेल बिचाऱ्यांचं."

रविवार उजाडला. पिवळे कागद पोरांनी दारापुढच्या फरसबंदीवर उन्हात पसरले आणि कोपऱ्यांवर खडे ठेवले. आईबापांना रंग उठून दिसावा म्हणून मी एक युक्ती केली: हळदीच्या पाण्यात आधीच चुना कालवून भरपूर लाल रंग तयार केला. त्याला पसरट भांडं हवं होतं, म्हणून अत्याचं पितळी ताट घेतलं, आणि पोरांचा हात पोचावा म्हणून उंबऱ्याजवळ ठेवलं.

आता तंजावरात हळद-चुन्याच्या लाल पाण्याने भरलेलं पितळी ताट उंबऱ्यात ठेवलं की त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. नवी नवरी येते आहे, बाळंतीण येते आहे, नाहीतर कोणी लांबचा प्रवास करून येतो आहे. त्याला दारात उभं करायचं, ताट ओवाळायचं, दृष्ट काढायची आणि पाणी दारापुढे ओतायचं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी मी चित्रकार होते, आणि चित्रकाराला असल्या गोष्टी सुचत नाहीत.

हेडक्लार्क बाई दोन्ही नातींना घेऊन चार घरं चालून आल्या. इस्त्रीची साडी, चष्मा, चेहऱ्यावर कचेरी. त्याच वेळी अत्या आतून बाहेर आली. तिने ताट पाहिलं, पाहुणी पाहिली, आणि तिचा चेहरा उजळला. पोरीला शेवटी वळण लागलं, असा तो उजेड होता.

"थांबा, थांबा," ती बाईंना म्हणाली. "आत पाऊल टाकू नका."

"का? काय झालं?" बाई घाबरून थांबल्या.

अत्याने ताट उचललं, ओवाळलं, लाल पाण्यात बोट बुडवून बाईंच्या कपाळावर टिळा ओढला, आणि ज्या सफाईने तिने घरातल्या प्रत्येक सुनेची दृष्ट काढली होती त्याच सफाईने सगळं पाणी दारापुढे भिरकावलं. खाली न बघता.

माझे सगळे पिवळे कागद लाल झाले. एकही सुटला नाही. पिवळ्यावर लाल रेघ उमटणार होती. आता लालवर काय उमटणार? अप्पा दारात उभे राहून हसू दाबत होते, आणि मला त्यांच्या मिशीत सोमवार दिसत होता.

"अत्या, ते रंगाचं ताट होतं."

"दारात लाल पाणी ठेवशील तर मी काय समजायचं? ओवाळायचं नव्हतं तर बादलीत ठेवायचं होतंस." मग बाईंकडे वळून, "तुम्हाला काही तोटा नाही हो. दृष्ट निघाली ती निघाली."

बाईंना कळेना की हा मान होता की चेष्टा. त्या ओट्यावर टेकल्या. आईने घाईघाईने लिंबाचं सरबत त्यांच्या हातात दिलं. एवढ्या लोकांसमोर टिळा घेऊन बसायचं म्हणून त्या दुसऱ्या हाताने कपाळ चाचपायला गेल्या, आणि पेल्यातलं थोडं सरबत हिंदकळून पायाशी पडलेल्या लाल ओल्या कागदावर सांडलं.

कागदावर पिवळे ठिपके उमटले.

बाईंनी चष्मा पुढे ओढला. इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच, कोणाचं लक्ष नाही असं समजून, पेल्यात करंगळी बुडवली आणि आणखी एक ठिपका दिला. मग एक वाकडी रेघ. मी दुसरीकडे बघण्याचं सोंग केलं. आयुष्यात फार थोड्या वेळा मला ते जमलंय. नातींनी पाहिलं आणि आपापले पेले मागितले. घटकाभरात सगळी पोरं लाल कागदांवर लिंबाने पिवळे हत्ती, पिवळी गोपुरं आणि एक पिवळी बस काढत होती. आई आत लिंबं पिळून दमली. बाई मात्र ओट्यावरून उतरून फरसबंदीवर मांडी घालून बसल्या होत्या. नात कागद मागत होती. आजी देत नव्हती.

अप्पांनी घसा साफ केला आणि कचेरीतल्या आवाजात विचारलं, "मग बाई, तुमचं काय मत? हा वर्ग चालू ठेवायचा, की उद्या पोरीला कम्प्यूटरला घालायचं?"

बाईंनी मान वर केली नाही.

"राहू द्या की हो वर्ग, सर, आणि जरा उन्हातून सरका, माझ्या मोराचं शेपूट दिसत नाही मला."