भिंगरीचं बाळंतपण

कसबा बावड्यात चिमणाबाई सुईण वाटेनं निघाली की माणसं बाजूला व्हायची. ती काही पाटलीण नव्हती. अंगावर सोन्याचा फुटका मणी नव्हता आणि उंची म्हणाल तर दाराच्या वरच्या कडीला हात पुरायचा नाही. पण निम्मं गाव पहिल्यांदा तिच्या हातात रडलं होतं, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे. चावडीवर मिशीला पीळ भरत बसलेल्या एखाद्या बाप्याला जाता जाता सुनवायची, "लई ताठू नगंस. पायाकडनं आलतास तू. मी वढला म्हणून हायस." बाप्या गप मान खाली घालायचा.

गर्व होता बाईला, आणि का नसावा? तीस वर्षांत तिच्या हातून एकही बाळंतीण दगावली नव्हती. तिचे नियम ठरलेले. खोलीचं दार बंद, खिडकीला घोंगडं, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, त्यावर ओवा आणि लसणीच्या सालींची धुरी. महिनाभर बाळंतिणीनं घाम गाळायचा आणि तोंड उघडायचं ते फक्त काढा प्यायला. यात कुणी फरक करायला गेलं तर ती पिशवी उचलून सरळ घरी निघायची.

कोल्हापूरच्या महाराजांना गादीवर बसून बारा-तेरा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. दरबारच्या शिकारी कुत्र्यांची निगा राखणारा लालासाब बावड्याच्या कडेला राहायचा. त्याच्याकडं भिंगरी नावाची कारवानी जातीची शिकारी कुत्री होती. लांब तोंड, आत गेलेलं पोट, आणि पळायला लागली की पाय दिसायचे नाहीत. तिच्यासारखी कुत्री कोल्हापुरात दुसरी नाही, असं लालासाब सांगायचा, आणि खरं तर सांगण्याची गरजही नव्हती. पण भिंगरीची लागोपाठ दोन वेतं वाया गेली होती. पिल्लं धडधाकट व्हायची आणि आठ दिवसांत एकेक करून मरायची. शिकारखान्याचे कारभारी हंबीरराव एकदाच बोलले होते, पण स्पष्ट बोलले होते. या खेपेला पिल्लं गेली तर भिंगरीला बाहेर काढायचं आणि लालासाबनं कुत्र्यांचं काम सोडून गवताच्या गाड्यांवर जायचं. लालासाबचा बाप याच कामात म्हातारा झाला होता. त्याला दुसरं काही येतही नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी तो चिमणाबाईच्या दारात येऊन उभा राहिला. भिंगरी पहाटेपासून कण्हत होती आणि एकही पिल्लू बाहेर येत नव्हतं.

"मावशी, तुमी चला," तो म्हणाला.

"कुत्रीच्या बाळंतपणाला?"

"व्हय."

शेजारची शालूबाई भांडी घासता घासता हसली. "आता म्हशी, शेळ्या बी बोलवायला येत्याल बघ," ती म्हणाली. चिमणाबाईला हे झोंबलं. कदाचित ती गेलीही नसती, पण कुणी हसल्यावर मागं हटणं तिच्या रक्तात नव्हतं. "बाळंतीण ती बाळंतीण," ती म्हणाली आणि तेलाची वाटी घेऊन निघाली.

कडब्याच्या खोलीत भिंगरी आडवी पडली होती. चिमणाबाईनं तिच्या पोटावरून हात फिरवला, डोळे मिटले आणि एवढंच म्हणाली, "आडवं बसलंय." मग करडईच्या तेलात बोटं बुडवून तिनं असं काही केलं की लालासाबला बघवेना, म्हणून तो दाराकडं तोंड करून उभा राहिला. भिंगरीनं एकदा दात दाखवले. "चाव की," चिमणाबाई शांतपणे म्हणाली, "आजवर लई जणींनी चावलंय." भिंगरी चावली नाही. कळ आली तशी बाईनं पिल्लू हळूच ओढून घेतलं. ते निळं पडलेलं, गप. तिनं ते फडक्यात घेऊन खसाखसा चोळलं, उलटं धरून झटकलं, आणि पिल्लानं कुई केलं. त्याच्या मागोमाग आणखी सहा आली. लालासाबला रडू फुटलं आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

"आता पुढचं बी मीच बघणार," चिमणाबाईनं जाहीर केलं. लालासाबची बायको रोशनबी मान डोलावून शेगडी आणायला गेली. रोशनबी नमाजी बाई. एखाद्या भांड्याला कुत्र्याचं तोंड लागलं तर सात वेळा विसळणारी. तरी भिंगरीसाठी स्वतःच्या चुलीतले निखारे काढून द्यायला तिनं कधी मागंपुढं बघितलं नव्हतं. शेगडी आली, घोंगडं आलं, ओव्याची धुरी झाली. भिंगरीला तूपभात मिळाला, तो तिनं चाटूनपुसून खाल्ला. काढा पुढं केल्यावर मात्र तोंड फिरवलं. चिमणाबाई म्हणाली, "पहिलटकरणीबी असंच करत्यात."

तिसऱ्या दिवशी ती आली तर भिंगरी खोलीत नव्हती. एक पिल्लू तोंडात धरून ती अंगणातल्या गारठ्यात, गोठ्यामागं जाऊन बसली होती. बाकीची सहा शेगडीजवळ तोंड वासून पडलेली. दोन तर हलत नव्हती. चिमणाबाईनं भिंगरीला रागं भरलं, पिल्लासकट आत आणलं, दार लावलं. तासाभरानं भिंगरीनं दार खरवडून उघडलं आणि परत तेच.

"आधीच्या दोन्ही येळंला असंच झालं," लालासाब हताशपणे म्हणाला. "आईच पिल्लांना टाकून जाती. तिला मायाच न्हाय, मावशी."

चिमणाबाईला हे पटलं नाही. माया नसलेली आई पिल्लू तोंडात धरून फिरत नाही. ती खोलीत शिरली, दार लावून घेतलं आणि शेगडीशेजारी भिंगरीच्या अंगाला अंग लावून भुईवर बसली. आयुष्यात पहिल्यांदाच ती बाळंतिणीच्या जागी बसली होती. दुपार टळायच्या आत तिची चोळी घामानं चिंब झाली, डोळ्यांतून धुरानं पाणी यायला लागलं, घसा कोरडा पडला. शेजारी भिंगरी हातभर जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. पिल्लं लुचायला आली की ती उठायची, कारण तिला तिथं दम निघत नव्हता. पण आता दाराला कडी होती. चिमणाबाईला मात्र ती काढून उठून जाता येत होतं.

तिनं उठून दार उघडलं. शेगडी उचलली ती अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवली, घोंगडं ओढून काढलं. कोपऱ्यात भुई थोडी उकरून तिथं जुनं लुगडं अंथरलं. भिंगरीनं ती जागा हुंगली, एक गिरकी घेतली आणि पसरली. पिल्लं एकमेकांवर चढत तिच्या पोटाला जाऊन चिकटली. जी दोन हलत नव्हती ती चिमणाबाईनं चोळीत छातीशी धरली आणि कापसाच्या वातीनं त्यांच्या तोंडात शेळीचं दूध पिळत दिवस मावळेपर्यंत बसून राहिली. मावळतीला दोघंही लुचायला लागली.

"रोशन," ती बाहेर येऊन म्हणाली, "आधीच्या दोन्ही येळंला कुत्रीला शेगडी लावायचं तुला कुणी सांगितलं?"

रोशनबी गोंधळली. "तुमीच की मावशी. माझ्या चारी बाळंतपणांत तुमी लावली. मला वाटलं, बाळंतिणीला लागतीच."

चिमणाबाईनं तेलाची वाटी उचलली. घरी गेली, जेवली नाही, आणि शालूबाईनं दोनदा हाक मारली तरी तिनं ओ दिली नाही.

बाराव्या दिवशी हंबीरराव आले. सातही पिल्लं एकावर एक पडून लुचत होती, पोटं टम्म. रावांनी एकेक उचलून पाहिलं. चेहऱ्यावरून खूश होते. गड्यानं ताट पुढं केलं, त्यात हिरवं इरकल लुगडं, खण आणि नारळ, सुईणीचा मान असतो तसा. अंगणात निम्मा बावडा जमला होता आणि शालूबाई सगळ्यांत पुढं उभी होती.

"बाई, हाताला गुण हाय तुमच्या," हंबीरराव म्हणाले. मग लालासाबकडं वळले. "म्हंजे पिल्लं जगत हुती. आधीच्या दोन्ही येळंला तुझ्याच हयगयीनं गेली. भिंगरी दुसऱ्याकडं दे. उद्यापास्नं गवतावर ये."

लालासाब खाली बघत राहिला. रोशनबीनं तोंडावर पदर धरला. चिमणाबाईचा हात ताटावर होता. गप बसली असती तर काही बिघडलं नसतं. गावभर नाव झालं असतं, आणि खरं काय ते माहीत असलेली दोन माणसं तिच्याविरुद्ध कधीच बोलली नसती.

"राव," ती म्हणाली, "हयगय त्याची न्हाय. त्यानं जिवापाड केलं. शेगडीनं पिल्लं गेली, आणि शेगडी माझी. त्याच्या बायकूला मी शिकीवलेलं. या खेपंला बी मीच लावलती. दोन मरायला टेकली तवा माझं डोळं उघडलं. शानी ही भिंगरी. सुईण चुकली."

तीस वर्षांत 'चुकली' हा शब्द त्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. हंबीररावांनी खाली वाकून पिल्लं पुन्हा एकदा मोजली. मग म्हणाले, "लालासाब, भिंगरी तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे." आणि गड्याला ताट मागं घ्यायची खूण केली.

चिमणाबाईनं ताटाची कड सोडली नाही. "ते कुठं चाललं? चूक माझी, ती मी सांगितली. पर ही सात माझ्या हातावर जगली, त्यो मान बी माझाच."

हंबीरराव हसले. ती ताट डोक्यावर घेऊन, मान ताठ करून, भर गर्दीतून घरी गेली, आणि लालासाब वेशीपर्यंत तिच्यामागं चालत होता.

त्याच महिन्यात तानाबाईची सून बाळाबाई बाळंत झाली. तानाबाईनं शेगडी पेटवून तयार ठेवली होती. चिमणाबाईनं ती बाजेखाली सारायच्या आधी बाजेवर बसून त्या पोरीच्या कपाळावर हात ठेवला.

"उकडतंय का गं तुला?"

बाळाबाईनं आधी सासूकडं बघितलं, मग सुईणीकडं. असं कुणी विचारायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. "व्हय," ती अगदी हळू म्हणाली.

"मोठ्यानं सांग," चिमणाबाई म्हणाली, आणि उठून तिनं खिडकी उघडली.