अण्णांची कोळशाची खाण

आमच्या अण्णांना एखादी गोष्ट एकदा पटली की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ते मागे फिरायचे नाहीत. मग माझी काय कथा! मी पडलो त्यांचा मुलगा, म्हणजे घरातला सगळ्यात कमी अकलेचा माणूस.

दिवेआगरला आमची पोफळीची वाडी होती. पुढे समुद्र, मागे खाडीचं दलदलीचं खाजण आणि मधे आमची गोड्या पाण्याची विहीर. रेडा रहाट ओढायचा, पाटाने पाणी पोफळींना जायचं, आणि त्या पोफळींवर आमचं घर चालायचं. मिठाच्या चळवळीनंतरच्या उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला, म्हणून अण्णांनी ती खोल करायला गडी लावले. मी मुरूडच्या शाळेत शास्त्र शिकवायचो, आणि नेमका तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीला घरी आलो होतो. आलो नसतो तर डोकं तरी शांत राहिलं असतं.

हातभर खणल्यावर गोड पाणी पाझरायला लागलं. झालं की काम! आई गड्यांना वाटायला गूळखोबरं घेऊन निघालीसुद्धा. तेवढ्यात एकाची पहार कशात तरी रुतली. त्याने ओढून काढलं ते काळंकुट्ट, ओलं, हातभर लांबीचं ढेकूळ होतं.

अण्णांनी ते उलटसुलट केलं, हुंगलं, आणि एकदम ओरडले, "कोळसा! अगं, आपल्या विहिरीत कोळसा लागला!"

मुंबईच्या आगबोटीवरून अण्णांनी एकदा कोळशाचा एक खडा आणला होता आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवला होता. तो आणून त्यांनी शेजारी ठेवला. हाही काळा, तोही काळा. झाला निकाल! मी म्हटलं, "अण्णा, हे तिवराचं खोड आहे. खाजणात उभी आहेत ना, तसलीच झाडं कधीकाळी इथे होती. ती गाळात गाडली गेली." खोडावर साल दिसत होती, मुळं दिसत होती. अण्णांना काही दिसेना.

त्यांनी ते ढेकूळ दोन दिवस उन्हात वाळवलं आणि न्हाणीघरातल्या बंबात घातलं. धूर असा झाला की आई खोकत बाहेर पळाली, आणि घरभर नासक्या अंड्यांचा वास.

"पेटलं की नाही?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, लाकूडही पेटतं!"

"मग कोळसा लाकडाचाच होतो, हे शाळेत तूच शिकवतोस ना?"

कपाळ माझं! तरी मी ओटीवर बसून त्यांना नीट सांगितलं. कोनाड्यातला खडा ज्यांचा झाला ती झाडं वेगळी. तेव्हा आंबा नव्हता, माड नव्हता, जगात कुठे एक फूलसुद्धा उमललं नव्हतं. सगळीकडे दलदल. पावसाळ्यात आपल्या दगडी गडग्यावर वीतभर नेचे उगवतात ना, त्यांच्या कुळातली झाडं तिथे माडाएवढी वाढायची. काहींच्या बुंध्यावर अननसाच्या सालीसारखे खवले होते. ती साचलेल्या पाण्यात पडायची, पुरती कुजायचीही नाहीत. त्यांच्यावर गाळ, गाळावर दगड, आणि कोट्यवधी वर्षांचा दाब. मुंबईला कॉलेजात असताना मी दगडावर उमटलेलं तसलं एक पान हातात धरून पाहिलं होतं. त्या दिवशी मला रात्रभर झोप आली नव्हती. ते सगळं मी जीव ओतून सांगत होतो आणि अण्णा सुपारी कातरत होते.

"कोट्यवधी वर्षं मोजायला कोण बसलं होतं? तुझा मास्तर?"

मग मी शास्त्र सोडलं आणि हात जोडले. "अण्णा, कोळशाचं राहू द्या. तिवर खाऱ्या पाण्यात वाढतं. म्हणजे इथे खाली खारं पाणी आहे. आणखी खणलंत तर ते वर येईल आणि वाडी मरेल. तुम्हीच सांगता ना, परशुरामाने समुद्र हटवून ही भूमी काढली? मग तो समुद्र खाली असणारच!"

"परशुरामाने हटवलेला समुद्र तुझ्या सांगण्यावरून परत येणार होय रे?" अण्णा म्हणाले आणि गड्यांना हाका मारायला उठले.

गडी काय, धनी म्हणतील तसं. "व्हय धनी" म्हणून पुन्हा उतरले. काळी खोडं वर येत राहिली, अंगणात त्यांचा ढीग झाला. अण्णा रोज त्याच्याभोवती फिरायचे. आगबोटवाले आता आपल्या दारात येतील म्हणायचे. आणि एका सकाळी विहीर भराभर भरली. आईने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "लोक मीठ करायला समुद्रावर गेले, तुम्ही घरातच काढलंत!"

अण्णांनी तांब्या भरला आणि आमच्यादेखत घटाघटा रिकामा केला. "गोड आहे," म्हणाले. "तुमच्याच तोंडाची चव गेली आहे." आणि स्वतः रेडा जुंपून त्यांनी ते पाणी पोफळींना सोडलं. मी पाटात आडवा उभा राहिलो, ओरडलो, शेवटी रडलोसुद्धा. पाणी माझ्या पायांवरून गेलं.

पुढच्या मेपर्यंत निम्म्या पोफळींचे शेंडे गळले होते. मी घरी आलो तेव्हा अण्णा ओटीवर बसून माठातलं पाणी पीत होते. "घे, पिऊन बघ. म्हणे खारं!"

मी प्यायलो. पाणी खरंच गोड होतं. क्षणभर माझाच माझ्यावर विश्वास बसेना. मागच्या दारी गेलो तर आई काकांच्या विहिरीवरून डोईवर हंडा घेऊन येत होती. अण्णांच्या माठात ती रोज गुपचूप ते पाणी भरायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, अगं आता तरी त्यांना खरं कळू दे!"

"त्यांना कळलंय रे," ती म्हणाली. "पहिल्याच घोटाला कळलं होतं. हंडा धर, मान भरून आली."

मी हंडा घेतला. सुट्टीभर ते पाणी मीच वाहिलं आणि अण्णांच्या तोंडून रोज ऐकून घेतलं, "बघ, आहे की नाही गोड?"