नरमादी मावशी

मावशी पिल्लाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू मुठीत उलटं धरायचं, शेपटीखाली अंगठ्यानं हलकेच दाबायचं आणि दिव्याखाली एक नजर टाकायची. मादी असेल तर खोक्यात, नर असेल तर पायाशी ठेवलेल्या ड्रममध्ये. पडेगावच्या त्या हॅचरीत मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. सगळा धंदा अंड्यांच्या कोंबड्यांचा. नर कुणालाच नको असायचे. "तोंड बघितलं की हात अडतो," एवढं एकच त्यांनी मला शिकवलं. बाकीचं मी बघून शिकले.

त्या मूळच्या पिशोरच्या. लेकीच्या, सुनंदाच्या, पाठीवर मुलगा झाला नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी बायको आणली, तेव्हा मुलीला कडेवर घेऊन त्या इकडे आल्या. "इथं बाईच्या जातीला किंमत हाय," त्या म्हणायच्या, "पण निस्ती कोंबडीच्या."

वस्तीत त्यांचं नाव नरमादी मावशी पडलं होतं. गरोदर बाया दारात यायच्या, पोटाला हात लावून सांगा म्हणायच्या. मावशी उंबऱ्यावरूनच त्यांना परतवून लावायच्या. "मला पिल्लाचं कळतं, पोटातलं नाय."

पुढं सुनंदा मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली, तिला दिवस गेले. ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला सासरच्यांनी चोरून तपासणी केली आणि मुलगी म्हणून गर्भ पाडला होता. त्यात सुनंदा मरता मरता वाचली. आता सासू तिला घेऊन मावशींच्या घरी आली. मी तिथंच होते.

"तुमच्या हाताला कळतं म्हणं. नाय तर सोमवारी दवाखान्यात नेतो हिला," सासू म्हणाली.

मावशींनी लेकीच्या पोटावर हात ठेवला, डोळे मिटले. "पोरगा हाय. जपा."

त्या दोघी गेल्यावर मी मावशींना विचारलं, "खरंच कळलं?"

"असं कुणाला कळतंय व्हय? पण पुन्ना पाडलं असतं तर माझी पोरगी हाती लागली नसती."

पुढचे महिने सासरी सुनंदाचे फार लाड झाले. तेवढेच काय ते तिच्या वाट्याला आले. मुलगी झाली. बाळंतीण माहेरी आली ती आलीच. न्यायला कुणी फिरकलं नाही. नवऱ्याचं दुसरं लग्न झाल्याचं कानावर आलं, त्या दिवशी सुनंदा माझ्यादेखत आईला म्हणाली, "तू खोटं बोलली नसतीस तर मी नांदले असते."

"मेली असतीस."

"मग मेले असते. तुझ्यासारखी टाकलेली तर झाले नसते."

त्यानंतर मायलेकी एका घरात राहिल्या, पण सुनंदा आईशी बोलली नाही. ताट वाढून समोर सरकवायची, एवढंच. दिव्याखाली बघून बघून मावशींचे डोळे अधू झाले, काम सुटलं. मी भेटायला जायचे तेव्हा नात त्यांची वेणी घालत बसलेली असायची. एकदा मला निरोप देताना त्या हळूच म्हणाल्या, "ती बोलती ते खोटं नाय. ती मला जिती पायजे होती. पुढचा इचार मी केलाच नाय."

त्या गेल्या त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. म्हाताऱ्या शेजारणीनं पाण्याची वाटी सुनंदापुढे धरली. "घाल बाई आईच्या तोंडात." सुनंदा भिंतीकडे तोंड करून बसली होती, ती हलली नाही. शेवटी नात उठली, तिनं वाटी घेतली आणि आजीच्या तोंडात पाणी घातलं.