माझा ईमेल, अख्ख्या गल्लीचा

बाळंतपण सुखरूप पार पडल्याबद्दल माझं अभिनंदन करणारा मेल आला, तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि मला मिशा होत्या.

चूक माझीच. सोलापुरात आमच्या गल्लीत पहिला ईमेल मी काढला आणि त्या भरात जाहीर केलं, "कुणाला फॉर्मवर लागला तर माझा टाका, संकोच करू नका." आमची गल्ली संकोच करत नाही. दुकान, दवाखाना, कॉलेज, जिथं ईमेलचा रकाना तिथं माझा पत्ता. पुढं तो लग्नाच्या आवतणाच्या यादीसारखा या दुकानातून त्या दुकानात फिरला. उजनीकाठच्या मोटारपंपावर मला घसघशीत सूट मिळू लागली. (माझी शेती म्हणजे गॅलरीतली तुळस.)

एकदा बायकोनं मोबाइल पाहिला. "हे वधूवर मंडळ तुम्हाला रोज मुली का दाखवतंय?"

"अगं, शेजारच्या शिवानंदचं आहे ते."

"त्याला दोन लेकरं हायत की."

"मंडळाला कुणी कळवलं नसेल."

"मग पाचवा फोटो मोठा करून कुणी बघितला?"

मग मी एकेकाला नम्र उत्तरं धाडली : 'महोदय, आपला पत्ता चुकला आहे.' इथं एक जिवंत, रिकामटेकडा माणूस बसलाय हे कळताच महोदयांनी मेल तिप्पट केले! शेवटी मी ब्रह्मास्त्र काढलं. फिल्टर लावला : ज्या मेलमध्ये माझं नाव नाही, तो थेट कचरापेटीत. इनबॉक्स सारवलेल्या अंगणासारखा झाला. चार दिवस मी चहाच्या टपरीवर फिल्टर या विषयावर व्याख्यानं दिली.

पाचव्या दिवशी सकाळी अकराला वैरागहून भाचीचा, कोमलचा फोन. नर्सिंग शिकून ती वर्षभर नोकरी शोधत होती.

"मामा, दवाखान्याचं मुलाखतीचं पत्र आलं का?"

"तुझं पत्र माझ्याकडं कशाला येईल?"

"फॉर्मवर तुमचाच ईमेल हाय की. आई म्हणली, मामाचा टाक, त्येचं लई बारीक ध्यान असतंय. मैत्रिणीचं तर परवाच आलं."

मी कचरापेटी उपसायला घेतली. केसवाढीची तेलं, टकलावरचे टोप, शिवानंदच्या सतरा नवऱ्या... आणि त्यांच्याखाली कोमलचं पत्र. मुलाखत आजच, दुपारी दोन वाजता. पत्राची छापील प्रत आणल्याशिवाय प्रवेश नाही.

"कोमल, निघ. आत्ता."

"एस्टी आत्ताच गेली की वो मामा."

"दाजींना म्हणावं गाडी काढा."

मी प्रत छापून दवाखान्याच्या फाटकात उभा राहिलो. एक नको, तीन छापल्या. दोनला दहा कमी असताना दाजींची मोटरसायकल आली. दोघंही पीठगिरणीतून काढल्यासारखी पांढरी. दाजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "पावणं, लई हुशार हाव तुमी." कोमल तोंड पुसतच आत पळाली.

नोकरी लागली आणि कोमलनं पहिलं काम केलं, स्वतःचा ईमेल काढला. आनंदाच्या भरात मी तिला रोज मेल लिहू लागलो : अभिनंदन, रुग्णसेवेवर चार शब्द, फिल्टर कसा लावावा यावर चाळीस सूचना. महिनाभर एकाचंही उत्तर नाही. शेवटी फोन केला.

"कोमल, माझे मेल मिळत नाहीत का गं?"

"ते स्पॅममध्ये जातेत, मामा."

"अरे, कंपनीला काही अक्कल आहे का! मामाचा मेल स्पॅम?"

"कंपनीला नका बोलू, मामा. फिल्टर मीच लावलाय. तुमच्या अकराव्या सूचनेप्रमाणं."