हसायची चोरी

गेल्या महिन्यात कळंब्याच्या तलावावर फिरत असताना मालूवहिनींचा फोन आला. "भाऊजी, मालक गेलं. पेपर वाचत बसलं हुतं… तसंच." कसबा बावड्याला त्यांच्या घरी पोचेपर्यंत डोळ्यांचं पाणी खळलं नाही. तरी त्या दुःखाच्या तळाशी मला हायसंही वाटत होतं. संपत हसताखेळता गेला. मधल्या एका वर्षात गेला असता, तर मुका गेला असता.

संपत माझा शाळेपासूनचा मित्र. दुधाचा धंदा, दारात म्हशी आणि डोक्यात फुटबॉल. मैदानात तो कुठं बसलाय हे त्याच्या आरोळीवरून कळायचं. हसला की गोठ्यातली म्हैस दावं ओढायची! साठीनंतर त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली असं डॉक्टर म्हणाले आणि आम्ही पेढे वाटले. पण घरी आलेला संपत वेगळाच होता. मैदान सुटलं, कट्टा सुटला, अंथरूण बाहेरच्या खोलीत गेलं. "माझ्यावर रुसल्यात का काय, कळंना," वहिनी मला म्हणाल्या, "आजार गेला, अन् माणूसबी गेला."

एकदा मी त्याला ओढूनच चहाच्या गाडीवर नेलं. तिथं एकानं आमच्या जुन्या गोलकीपरची नक्कल केली आणि संपत भान विसरून पहिल्यासारखा हसला… आणि मध्येच थांबला. चेहरा पांढराफटक. मंडळी उठून गेली तरी हा बाकावरून हलेना.

"चल की," मी म्हणालो.

"मास्तर, मला उठता येत न्हाय." त्याची पँट ओली झाली होती. "ऑपरेशन झाल्यापास्नं खोकलो, हसलो, वरडलो की हे असं हुतंय. हसायचीबी चोरी झाली बघ. आन् नवरा म्हणून तर…" पुढचं त्यानं गिळलं. आयुष्यभर पोरांना शिकवलेला मी नुसता त्याच्याजवळ बसून राहिलो. मग स्कूटरवर मागं बसवून त्याला घरी आणलं.

वहिनी दारातच होत्या. त्यांनी एकदा पँटकडे पाहिलं, एकदा त्याच्या खाली गेलेल्या मानेकडे. मी निघू की थांबू, या घोटाळ्यात होतो.

"ह्यासाठी तोंड लपवत हुतासा व्हय?" वहिनी म्हणाल्या. "थोरल्याच्या बाळंतपणानंतर नुसतं शिंकलं तरी माझं पातळ भिजायचं. कवा कळलं तुमास्नी?"

संपतनं मान वर केली. "कधी बोलली न्हाईस मला."

"तुमी तरी कुठं बोललासा?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आधी वहिनींना हसू फुटलं, मग त्याला. पँट तशीही भिजलेलीच होती.

पुढच्या तपासणीला वहिनी स्वतः त्याच्याबरोबर गेल्या आणि जे विचारायला त्याची जीभ रेटत नव्हती, ते सगळं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी व्यायाम शिकवले, पॅड वापरायला सांगितलं. त्रास हळूहळू कमी झाला, पुरता गेला नाही. काळी पँट घालून, पिशवीत दुसरी घेऊन संपत पुन्हा मैदानात ओरडू लागला. त्या दिवशी गिळलेल्या दुसऱ्या दुखण्याबद्दल तो माझ्याशी एकदाच बोलला. "ते काय पहिल्यावानी झालं न्हाय, मास्तर. लई दिवस वाटायचं, आता मी कसला गडी! पर अंथरूण आत घेतलं. मालू हात धरून झोपती… हातातबी लई असतंय की."

नंतर डॉक्टर त्याला विचारूनच नव्या पेशंटना त्याचा नंबर द्यायला लागले. अनोळखी पुरुष चाचरत फोन करायचे आणि हा कट्ट्यावर बसून, आजूबाजूला कोण आहे याची पर्वा न करता, पॅडपासून पलंगापर्यंत सगळं खुलासेवार सांगायचा. ऐकणारे आधी खाली बघायचे. मग एखादा स्वतःचं विचारायला हळूच मागं थांबायचा.

परवा वहिनींना भेटायला गेलो. त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. संपतचा मोबाईल कोनाड्यात चार्जिंगला लावलेला होता, आणि तो वाजला. आजऱ्याचे कुणी गृहस्थ होते. बाईचा आवाज ऐकताच ते गडबडले असावेत.

"ठेवू नका पावणं," वहिनी म्हणाल्या. "मालक न्हाईत आता. पर मला समदं ठावं हाय. लाजू नका, बोला."

तो माणूस चाचरत बोलू लागला. वहिनींनी शेंगांची पाटी बाजूला सारली आणि भिंतीला टेकून ऐकत बसल्या.