चेनवाल्यांचं दुकान, सध्या उघडं

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. दुसऱ्याच्या मजकुरात एक शब्द जास्त दिसला की हिचे हात शिवशिवायचे. कामही तसंच होतं. फोनमधले ते एआय मदतनीस असतात ना, ‘जवळ औषधांचं दुकान कुठे?’ म्हटलं की पटकन सांगणारे, त्यांना स्वतःला काडीचं ठाऊक नसतं. ते नकाशाला विचारतात. नकाशाला कसं विचारायचं आणि मिळालेलं उत्तर कसं वाचायचं, हे त्या मदतनिसांना समजावणारी पानं ही लिहायची. सासू म्हणायची, “माणसं ऐकेनात म्हणून आता यंत्रांना शिकवतेस होय गं?”

तिचा एक हट्ट होता. उदाहरण द्यायचं तर खऱ्या ठिकाणाचं. आधी स्वतः शोधून बघायचं आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं पानावर ठेवायचं. बाकीचे मनातल्या मनात हॉटेलं आणि बागा उभ्या करायचे, ते हिला अजिबात खपायचं नाही. तर पहिल्याच पानावर, पहिल्याच उदाहरणाला तिने घेतलं नवऱ्याचं दुकान.

नवरा बॅगा दुरुस्त करायचा. जिन्याखालची जागा, एक शिलाई मशीन, एक स्टूल आणि भिंतभर चेनांची रिळं. त्या भागात चेन बसवणारा तो एकटाच, म्हणून गिऱ्हाईकं त्याला चेनवाले म्हणत. माणूस एवढासा, पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याची बस चुकायची. तिने पान वाचून दाखवलं. विचारणा, बॅगेची चेन बसवणारा. उत्तर, चेनवाले, दुकानाचा पत्ता, सध्या उघडं. गडी छाती फुगवून म्हणाला, “म्हणजे जगातली सगळी यंत्रं पहिला धडा माझ्यावर गिरवणार! बघा मास्तरीणबाई, आणि तुम्ही मला घरात भाजी निवडायला बसवता.”

“अहो, फार हुरळू नका,” ती म्हणाली. हुरळली होती ती स्वतःच.

मग तो आजारी पडला. हॉस्पिटलच्या खाटेवरूनही जीव दुकानातच. “नकाशावर बंदबिंद लिहू नकोस हं. एकदा बंद दिसलं की गिऱ्हाईक तुटतं. मी आलोच.” तिने शब्द दिला. तो काही आला नाही.

हॉस्पिटलातली त्याची बॅग तिने घरी नेलीच नाही. दुकानात नेऊन स्टुलाखाली ठेवली, उघडलीही नाही. रोज सकाळी ऑफिसच्या वाटेवर शटर वर करायची, मशीनवरची धूळ पुसायची आणि शटर खाली ओढून निघायची. ऑफिसात पोचल्या पोचल्या पहिलं काम म्हणजे पहिलं उदाहरण चालवून बघणं, तीच विचारणा पुन्हा नकाशाला करणं. चेनवाले, सध्या उघडं. तेवढं वाचलं की तिला दिवस रेटता यायचा. वेडेपणा होता, कळत होतं तिला. पण कळून काय करायचं?

एके दिवशी टीमचा प्रमुख तिच्या टेबलाशी येऊन घुटमळला. वयाने लहान, मनाने चांगला. “ताई, रागावू नका. विचारणाऱ्याने आपण कुठे आहोत ते सांगितलं नाही, की काही मदतनीस तुमच्या उदाहरणातलाच पत्ता उचलून देतायत. शहराच्या कुठल्याही टोकाला कुणाची चेन तुटली की तो येतोय चेनवाल्यांकडे. तक्रारी आल्यात.” मग खाली बघत म्हणाला, “एकदा तुम्हीच बघा.”

“बघते,” ती म्हणाली. पण बघणं जिवावर आलं. आज करू, उद्या करू, असं चाललं.

आणि मग एका सकाळी शटरसमोर पायरीवर एक म्हातारी बसलेली. शेजारी सुतळीने आवळून बांधलेली बॅग, चेन पार उसवलेली.

“आलीस का बाई? फोन म्हणतो उघडं आहे. काल संध्याकाळपर्यंत बसले, त्यात गाडी गेली. बहीण शेवटच्या घटका मोजतेय गं माझी. येतील ना ते चेनवाले आज तरी?”

तिने घाईघाईने शटर उघडलं, बॅग मशीनवर घेतली. त्याला हे करताना इतक्यांदा पाहिलेलं, पण हातात कला कुठली यायला? चेन सुईखालून निसटत होती आणि म्हातारी रस्त्याकडे बघत होती. शेवटी तिने स्टुलाखालची बॅग ओढली. उघडली. त्याचा सदरा, चष्मा, अर्धा राहिलेला साबण, सगळं मशीनवर काढून ठेवलं आणि रिकामी बॅग म्हातारीपुढे केली.

“ही घ्या आजी. निघा तुम्ही.”

म्हातारीने आपले कपडे तिच्यात भरले. “देव तुझं भलं करो. त्यांना सांग हो, बॅग परत आणून देईन.”

“ते नाहीत आजी. गेले ते.” मोठ्याने हे ती पहिल्यांदाच बोलत होती.

म्हातारी थबकली. “मग उघडं कशाला गं लिहिलंत?”

बॅग खांद्याला लावून म्हातारी तरातरा निघून गेली. बहीण भेटली की नाही, कुणास ठाऊक.

ऑफिसात पोचल्यावर तिने पर्सही खाली ठेवली नाही. नकाशावर दुकान काढलं आणि ‘कायमचं बंद’ वर बोट ठेवलं. नकाशाने विचारलं, नक्की? ती ‘हो’ म्हणाली.

आणि सवयीने पहिलं उदाहरण चालवलं. कायमची बंद झालेली ठिकाणं उत्तरात येत नाहीत, हे वाक्य त्याच पानावर तिनेच लिहिलेलं होतं. पडद्यावर आलं, एकही ठिकाण सापडलं नाही.

प्रमुखाने लांबून पाहिलं होतं. तो हळूच जवळ आला. “ताई, असू दे. उदाहरणाला दुसरं दुकान घेऊ आपण.”

“कुठलं घेऊ रे?” मास्तरीण म्हणाली, आणि भर ऑफिसात हमसून हमसून रडायला लागली.